दमट हवेंतील हरितगृहें आणि पाण्याचा गारवा

हरितगृहाचा, म्हणजे लोक ज्याला पॉलिहाऊस म्हणतात त्याचा, प्रसार आतां घाट उतरून कोंकणांत होऊं लागला आहे. तळेगांवाकडे गुलाब, जरबेरा व ढोबळी मिरची यांचीं प्लास्टिकनें झांकलेलीं घरें पाहून आलेल्या बागायतदारांस आपल्याहि जागेंत तसें एखादें घर असावें असें वाटणें स्वाभाविक आहे. अशा कांहीं घरांत एका टोकास मधमाशांच्या पोळ्यासारखी, जाड कागदाची, पाण्यानें सतत भिजत असलेली भिंत असते व दुसऱ्या टोकास मोठाले पंखे फिरत असतात. आंत शिरतांच अंगास गारवा लागतो. 'आमच्याकडे उकाडा याहून वाईट, तेव्हां आम्हांस तर हें अधिकच हवें' असा निष्कर्ष काढून मनुष्य घरीं परततो आणि मग अनुदानाच्या व कर्जाच्या कागदांमागें लागतो.

हा निष्कर्ष उलटा आहे. तो कां उलटा आहे, पाण्यानें हवा थंड होते म्हणजे नेमकें काय होतें, आणि किनारपट्टीवर हरितगृह सुसह्य ठेवावयाचें तर पैसा कोठें घालावा व कोठें घालूं नये, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

एक लिटर पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापविण्यास १०० किलोकॅलरी उष्णता लागते. तेंच पाणी उकळी न येतां साध्या हवेंत वाफ होऊन उडून जाण्यास सुमारें ५८० किलोकॅलरी लागते. (येथें व पुढें सर्व अंश सेल्सिअसचे समजावे.) ही उष्णता पाणी आसपासच्या हवेंतून, आणि ज्या वस्तूवर तें पसरलें असेल तिच्यांतून, ओढून घेतें. माठांतील पाणी गार होतें तें यामुळें, वाळ्याचे पडदे भिजविले म्हणजे खोली निवते तीहि यामुळें, आणि हरितगृहांतील ओल्या भिंतीचा, म्हणजे पॅडचा, सगळा चमत्कार एवढाच आहे.

परंतु हवेची पाणी सामावून घेण्याची शक्ति बेताची असते. देशावर चैत्र-वैशाखांत माठांतलें पाणी दांत कळवण्याइतकें गार होतें. तोच माठ रत्नागिरीस नेऊन ठेवला तर पाणी जेमतेम निवतें. माठ तोच, पाणीहि तेंच. हवा मात्र आधींच पाण्यानें भरलेली. ज्या हवेंत श्रावणांत धुणें दोन दोन दिवस वाळत नाहीं, त्या हवेनें हरितगृहांतील पाणी उचलून न्यावें अशी अपेक्षा आपण कोणत्या हिशेबानें करितों?

हा हिशेब मांडण्याचें साधन अगदीं स्वस्त आहे. दोन साधे तपमापक घ्यावे. एकाच्या गोळ्याभोंवतीं मलमलीची स्वच्छ चिंधी गुंडाळून ती पावसाच्या अगर शुद्ध पाण्यानें भिजवावी. दुसरा कोरडा ठेवावा. दोन्ही एका फळीस बांधून सांवलींत, वारा लागेल अशा रीतीनें दोन-तीन मिनिटें फिरवावे आणि आंकडे वाचावे. ओल्या तपमापकाचा आंकडा खालीं उतरतो व एके ठिकाणीं थांबतो. तो जेथें थांबला त्याच्या खालीं, त्या वेळच्या हवेस, केवळ पाणी उडवून कोणतेंहि यंत्र नेऊं शकत नाहीं. पंखे दुप्पट करा, पॅड जाड करा, पाणी विहिरीचें घ्या अगर नदीचें. ही मर्यादा मोडत नाहीं. सेलवर चालणारीं आर्द्रतामापक यंत्रें हल्लीं मिळतात, परंतु फार दमट हवेंत त्यांचे आंकडे कालांतरानें सरकतात. आमचा भर चिंधीच्या तपमापकावरच आहे.

आतां प्रत्यक्ष आंकडे पाहूं. मे महिन्यांत नागपुराकडे दुपारीं हवा ४० अंशांवर आणि तिची आर्द्रता २० टक्के असली, तर ओला तपमापक सुमारें २२.७ अंशांवर थांबतो. म्हणजे दोहोंत १७ अंशांहून अधिक अंतर आहे. चांगला, स्वच्छ ठेवलेला पॅड या अंतराचा सुमारें ८० टक्के भाग साधतो. त्यामुळें आंत शिरणारी हवा २६ अंशांच्या आसपास मिळते. हा लाभ मोठा आहे यांत शंका नाहीं. त्याच महिन्यांत रत्नागिरीच्या बाजूस दुपारीं ३३ अंश उष्णतामान व ७० टक्के आर्द्रता धरिली, तर ओला तपमापक २८.४ अंशांवरच अडकतो. अंतर साडेचार अंशांचें. त्याचे ८० टक्के म्हणजे पावणेचार अंशांहूनहि किंचित् कमी. आंत येणारी हवा २९ अंशांहून थोडी अधिक. आणि पावसाळ्यांत, २८ अंश उष्णता व ९० टक्के आर्द्रता असतांना, सारा लाभ एका अंशाचा!

तरी यांत एक गोष्ट अद्याप धरलेली नाहीं. पॅडमधून आलेली हवा पंख्यांकडे जातांना वाटेंत उन्हानें पुन्हां तापते. घरांतली सगळी हवा मिनिटास एकदां बदलेल इतके पंखे बसविले, तरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती तीन-चार अंश चढते. नागपुरास ती २६ वरून ३० वर गेली तरी बाहेरच्यापेक्षां दहा अंश कमीच राहते. रत्नागिरीस मात्र २९ वर आंत आलेली हवा पंख्यापाशीं पोंचेपर्यंत ३३ वर, म्हणजे जेथून निघाली तेथेंच, येऊन ठेपते. पॅडजवळच्या चार ओळींस गारवा, मधल्यांस थोडा दिलासा आणि शेवटच्यांस कांहीं नाहीं, असें त्या घराचें स्वरूप होतें.

थायलंडमध्यें बँकॉकजवळ, आपल्या किनाऱ्यासारख्याच उष्ण व दमट हवेंत, या शतकाच्या पहिल्या दशकांत जर्मन व तेथील संशोधकांनीं टोमॅटोवर हीच तुलना केली होती. जाळीच्या बाजूंच्या, वारा खेळत्या घरापेक्षां पंखा-पॅडचें घर दिवसां सुमारें तीन अंशच थंड राहिलें, आणि आंतील दमटपणा मात्र पुष्कळ वाढला. आमच्या वरील हिशेबाशीं हें जुळतेंच.

या तीन अंशांची किंमतहि पाहिली पाहिजे. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ सालच्या खर्चमानांत, १,००८ ते २,०८० चौरस मीटर आकाराच्या नैसर्गिक वायुवीजनाच्या घरास चौरस मीटरमागें ८९० रुपये व पंखा-पॅडच्या घरास १,४२० रुपये धरले होते. बाजारभाव पुढें बदलत जातात, परंतु दोहोंतील प्रमाण ध्यानांत घेण्यासारखें आहे. १० गुंठे म्हणजे सुमारें १,०१२ चौरस मीटर. त्या दरानें फरक सव्वापांच लाखांच्या वर जातो. शिवाय तेवढ्या घरास सुमारें एक अश्वशक्तीचे सहा पंखे लागतात, आणि ते दिवसाचे आठ तास चालले कीं पंपासह रोज ३५ ते ४० युनिट वीज खर्च होते. अनुदानानें पहिल्या खर्चाचा भार हलका होईल. विजेचें बिल मात्र दरमहा येतें. आणि वीज गेली तर? नैसर्गिक वायुवीजनाच्या घरास त्याचें सुखदुःख नाहीं. चारी बाजूंनीं बंद असलेलें पंख्याचें घर मात्र भर दुपारीं कांहीं मिनिटांत भट्टी होतें. वळवाच्या वादळांत कोंकणांत विजेची काय अवस्था होते हें आमच्या वाचकांस आम्ही सांगण्याची गरज नाहीं.

येथें दुसऱ्या बाजूची एक चूकहि दाखविली पाहिजे. वेधशाळेचे आर्द्रतेचे जे सरासरी आंकडे छापले जातात ते बहुधा सकाळीं साडेआठ व सायंकाळीं साडेपांच या वेळांचे असतात. सकाळचा ८५ टक्क्यांचा आंकडा पाहून 'आपल्याकडे पाण्याचा कांहींच उपयोग नाहीं' असें कोणी म्हणेल, तर तेंहि बरोबर नाहीं. ऊन चढलें कीं आर्द्रता उतरते. आणि आपणांस गारवा पाहिजे असतो तो बारा ते तीन या वेळेंत. किनाऱ्यापासून आंत, सह्याद्रीच्या पायथ्याकडील गांवांत, माघ-फाल्गुनांत दुपारची हवा पुष्कळ कोरडी सांपडते. म्हणून दुसऱ्याच्या आंकड्यावर विसंबूं नये. स्वतःच्या जागेंत, दुपारीं दोन वाजतां, दोन तपमापकांतील अंतर मोजावें. भरउन्हाळ्यांत हें अंतर वारंवार दहा अंशांच्या वर राहात असेल तर पंखा-पॅडचा विचार जरूर करावा. पांच-सहांवर घोटाळत असेल तर तो विचार सोडावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मग किनाऱ्यावरच्या बागायतदारानें काय करावें? याचें उत्तर शोधण्यासाठीं प्रथम उष्णता येते कोठून हें पाहिलें पाहिजे. ऐन दुपारीं छतांतून आंत उतरणारें ऊन चौरस मीटरमागें ६०० वॅट धरलें, तर १० गुंठ्यांच्या घरांत ६०० किलोवॅट उष्णता ओतली जाते. एक किलोवॅटच्या सहाशें शेगड्या एकदम पेटवाव्या तसें हें आहे. ही सर्व उष्णता पाणी उडवून खर्च करावयाची तर ताशीं सुमारें ९०० लिटर पाण्याची वाफ करावी लागेल. आणि वाफ झाली म्हणजे काम संपलें असें नाहीं. ती बाहेर गेली पाहिजे. नाहींतर थोड्याच वेळांत आंतील हवा भरून जाईल व पाणी उडणेंच बंद पडेल. दमट मुलखांत हरितगृहाची खरी अडचण पाण्याची नसून वाऱ्याची आहे, ती अशी.

हें पाणी उडविणारें उत्तम यंत्र घरांत आधींच उभें असतें, तें म्हणजे पीक. पूर्ण वाढलेलें व पाण्याची ददात नसलेलें पीक आंत आलेल्या उन्हाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग पानांतून पाणी उडवून स्वतःच खर्च करितें. ऊन लागलेलें पान भोंवतालच्या हवेहून ऊन असतें, त्यामुळें हवा दमट असली तरी त्याच्यांतून पाणी निघूं शकतें. अट एवढीच कीं पानाजवळची ओली हवा सारखी हालवली गेली पाहिजे. वारा थांबला कीं पान घामेजल्या माणसासारखें गुदमरतें व हवेहून कित्येक अंश अधिक तापतें. पाणी चढणें मंदावलें म्हणजे त्याबरोबर येणारें कॅल्शियमहि कोवळ्या पानांस पुरत नाहीं. सॅलडच्या पानांच्या कडा करपतात त्याचें हें एक ठळक कारण आहे. नुकतीं लावलेलीं रोपें आणि मोकळी जमीन असलेलें घर भरल्या पिकाच्या घरापेक्षां अधिक तापतें, हेंहि यावरून समजेल. लावणी शक्यतों मार्च-एप्रिलच्या तोंडावर येऊं देऊं नये.

तेव्हां पहिला खर्च उंचीवर व उघडझापीवर करावा. बाजूंची उंची चार ते साडेचार मीटर व माथा सहा-साडेसहा मीटर ठेवला म्हणजे तापलेली हवा पिकाच्या डोक्यावर न राहतां वर चढते. माथ्याला सलग फट ठेवावी. केवळ बाजूंचे पडदे गुंडाळून भागत नाहीं. थंड देशांत बाजूंच्या व माथ्याच्या उघड्या जागांची बेरीज जमिनीच्या पांचव्या-चौथ्या हिश्शाइतकी असली तरी पुरते. दमट किनाऱ्यावर ती याहून पुष्कळ अधिक, साधेल तर निम्म्याजवळ, असावी. किडे अडविणारी बारीक जाळी लाविली कीं वाऱ्याचा बराच भाग अडतो. जाळी टाळतां येत नाहीं, कारण पांढरी माशी व फुलकिडे तिच्यावांचून आवरत नाहींत. म्हणून जाळीचें क्षेत्रच वाढवावें आणि ती धुळीनें बुजली कीं धुवावी. वाऱ्याच्या दिशेनें घराची रुंदी २५-३० मीटरांपलीकडे गेली म्हणजे मधला भाग कोंदट होतो. मोठें एक घर बांधण्यापेक्षां मध्यें मोकळी वाट ठेवून दोन अरुंद घरें बांधणें आम्ही पसंत करूं.

दिशेविषयींहि दोन शब्द. किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारपूर्वीं खारे वारे सुटतात व सायंकाळपर्यंत चालतात. नेमक्या उकाड्याच्या वेळीं मिळणारा हा फुकटचा पंखा आहे. घराची लांबी दक्षिणोत्तर ठेवली तर पश्चिमेची लांब बाजू या वाऱ्यास तोंड देते. माथ्याची फट पूर्वेकडे, म्हणजे वाऱ्याच्या आडोशास, उघडावी. वारा माथ्यावरून जातांना त्या फटींतून आंतली ऊन हवा ओढून नेतो, आणि पावसाळ्यांत नैर्ऋत्येकडून येणारी झड आंत शिरत नाहीं. जागेजागेचा वारा डोंगर व माडांच्या राया यांनीं वळतो, हें पाहून यांत फेरफार करावा. उंच घरास वादळाचें भय अधिक, हें खरें आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर काय केलें हें सर्वांस ठाऊक आहे. पायाचें काँक्रीट व आडवे-तिरपे ताण यांत केलेली काटकसर अशा एका दिवशीं व्याजासकट वसूल होते. पंखा-पॅडचे वांचलेले पैसे प्रथम येथें लावावे.

दुसरा उपाय सांवलीचा. जें ऊन आंत आलेंच नाहीं, तें बाहेर काढण्याचा प्रश्न नाहीं. सांवलीची जाळी शक्यतों छताच्या वर, थोडें अंतर ठेवून असावी. काळी जाळी आंत ताणली तर ती स्वतः तापते आणि ती उष्णता घरांतच राहते. आंत लावावयाचीच असेल तर ऊन परतविणारी पांढरी अगर चकचकीत ॲल्युमिनिअमची पट्ट्यांची घ्यावी. ती सरकती असावी, कारण ढगाळ दिवसांत उजेडच कमी पडतो व कायमची सांवली फुलांस मारक ठरते. छतास पांढरा पातळ लेप देण्याची रीत सर्वांत स्वस्त. पहिल्या पावसानें तो धुऊन निघतो, आणि नेमका तेव्हांच तो नको असतो!

राहतां राहिलें धुकें, म्हणजे फॉगर. दमट हवेंत पाण्याचा उपयोग करावयाचाच असेल तर आम्ही पॅडपेक्षां यास पुढें ठेवतों. मात्र त्याला शिस्त पाहिजे. बंद घरांत तापलेली हवा बाहेरच्या हवेहून कोरडी भासते, म्हणून पाणी लवकर उडतें. पण तें उडत राहावयाचें तर माथा व बाजू उघड्या पाहिजेत. थेंब इतके बारीक असावे कीं ते हवेंतच विरावे. त्यासाठीं जास्त दाबाचा पंप लागतो. कमी दाबाच्या स्वस्त फॉगरचे जाड थेंब पानांवर बसतात. ती फवारणी झाली, थंडावा नव्हे. चालविण्याची वेळ साधारण अकरा ते तीन. कांहीं सेकंद धुकें सोडावें, मग कांहीं मिनिटें थांबावें व पाहावें. दोन तपमापकांतील अंतर चार अंशांखालीं असेल तर यंत्र मुळींच चालवूं नये. तीननंतर बंद करावें, म्हणजे सूर्यास्तापूर्वीं पानें कोरडीं होतात. रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर काकडीवर्गांत केवडा व फुलांवर राखाडी बुरशी ज्या वेगानें पसरते, तो पाहिला म्हणजे दुपारचे दोन अंश किती महाग पडले हें कळतें. याच कारणासाठीं, पाऊस-वादळ नसेल तर, कोंकणांत रात्रीं घर घट्ट बंद करूं नये. बंद घराच्या छतास दंव धरतें आणि पहांटे तें पिकावर टपटपतें.

खाडीकाठच्या मचूळ विहिरींचें पाणी धुक्यास वापरूं नये. पाणी उडतें, मीठ पानावर राहतें. पावसाचें सांठविलेलें पाणी उत्तम.

शेवटीं पिकाविषयीं. हवा बदलून पीक आणण्यापेक्षां हवेस मानवणारें पीक निवडणें सोपें असतें. अँथुरियम व ऑर्किड यांस ओल व सांवली दोन्ही मानवतात. त्यांना जाळीचें घर, वर पावसासाठीं प्लास्टिक व थोडें धुकें एवढें बहुधा पुरतें. गुलाबाची लांब दांडी आणि मोठी कळी यांसाठीं गार रात्री लागतात. त्या तळेगांवास आहेत, किनाऱ्यावर नाहींत, आणि दमट हवेंत कोणताहि पॅड त्या पुरवूं शकणार नाहीं. उलट रत्नागिरीस सालाचा पाऊस ३,००० मिलिमीटरांहून अधिक पडतो, आणि त्या चार महिन्यांत उघड्यावर पालेभाजी, मिरची, टोमॅटो हातीं लागणें कठीण. तेव्हां नुसतें छत, चारी बाजूंस वारा व खालीं उंच वाफे अशा घरांतून भाजी निघाली तर तिला भाव येतो. शेतांत लावणी करितांना आपला शेतकरी पूर्वीं डोक्यावर इरलें घेई. हरितगृहाकडे त्या इरल्याच्या नजरेनें पाहिलें तर त्याचा आराखडाहि निराळा होतो व खर्चहि.

ज्या सभासदांस येत्या वर्षीं घर उभारावयाचें आहे, त्यांनीं कोणाचेंहि दरपत्रक मागविण्यापूर्वीं फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत आपल्या जागेंत रोज दुपारीं दोन वाजतां दोन्ही तपमापकांचे आंकडे, वाऱ्याची दिशा व आभाळाची स्थिति वहींत टिपून ठेवावी. चिंधी दर आठवड्यास बदलावी. ती मळली कीं आंकडा खोटा येतो. वहीची एक प्रत मंडळाकडे पाठविल्यास निरनिराळ्या तालुक्यांचे आंकडे आम्ही शेजारीं शेजारीं मांडून याच मासिकांत छापूं.